आमच्याकडे तिसराच भाग चालतो

नारपोली, भिवंडी
शनिवार, ६ ऑक्टोबर २००७

चि. विकी यास,
काळूदादाचा आशीर्वाद. इकडे सगळं ठीक, तिकडे पुण्यात तुझंही ठीक चाललं असेल असं धरून चालतो. परवा मंडईत तुझी आई भेटली. शांताबाईंचा गुडघा आता बरा आहे, पायऱ्या चढतात. तुझा पत्ता त्यांच्याकडूनच घेतला. मला ईमेल येत नाही असा अर्थ काढू नकोस. अर्ध्या नारपोलीची ईमेल खाती मी उघडून दिली आहेत. पण ईमेल माणूस दोन कामांच्या मध्ये वाचतो आणि विसरतो. हे तू नीट बसून वाच.

तुझं पार्सल पोचलं. ‘कोल्ड ट्रेंच’ गेमच्या पाचव्या भागाच्या दहा डब्या, माझ्या पार्लरच्या दहा मशिनांसाठी. सोबत तुझी चिठ्ठी: ‘काळूदादा, आता हट्ट सोडा आणि हा टाका. समोरचा नवशा टाकणारच आहे.’

टाकला त्याने. रस्त्यापलीकडे त्याच्या पार्लरवर हा एवढा मोठा बोर्ड लागलाय. फक्त पेंटरने ‘ट्रेंच’चं ‘ट्रेन’ करून ठेवलंय. दोन दिवस माणसं त्याला गोरखपूरचं रिझर्व्हेशन विचारत होती. नवशाला चूक कुठे आहे ते अजून सापडलेलं नाही आणि मी सांगणार नाही.

डब्या परत पाठवतोय. सील फोडलेलं नाही.

तू म्हणशील, म्हातारा झाला, नवीन नको म्हणतो. तसं नाही. पहिला भाग आला तेव्हा भिवंडीत सगळ्यात आधी मी टाकला, दुसरा आपण दोघांनी मिळून टाकला. तिसऱ्यात त्या बनवणाऱ्यांचा हात बसला. रायफलची पहिली गोळी सरळ, दुसरी जराशी वर आणि डावीकडे. पोरांच्या मनगटाला ते पाठ झालं. चौथ्यात ती उजवीकडे नेली. का? सुधारणा म्हणून नाही, फक्त कालच्यापेक्षा वेगळं दिसावं म्हणून. गिऱ्हाईक मनगट बदलत बसलं तोवर पुढची दिवाळी आणि पुढचा भाग आला. अरे, लोक आकाशकंदीलसुद्धा दोन-तीन वर्षं वापरतात!

दाजी मात्र कुरकुर करतात. गाळा त्यांचा, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या घरचा, त्यामुळे मला आवाज चढवता येत नाही. त्यांचा मितेश म्हणतो, पूर्णा गावात गोडाऊन असलेल्या एका कुरिअरला भिवंडीत जागा हवी आहे, मामाच्या खुर्च्या रिकाम्याच असतात. दाजींनी ‘दिवाळीनंतर बघू’ म्हटलंय. बघू दे. पार्लर चालेल तर तिसऱ्या भागावर चालेल.

आईला फोन करत जा. तिला माझा जय भीम सांग.

तुझा,
काळूराम


नारपोली
रविवार, २५ नोव्हेंबर २००७

चि. विकी,
आशीर्वाद. तुझं पत्र आलं. दिवाळी बरी गेली. माझी बहीण म्हणते करंज्या फुटल्या, मला तर चांगल्या लागल्या.

तू दोन गोष्टी लिहिल्यास. पहिली, मी न खेळता नावं ठेवतो. दुसरी, दहातल्या एका डबीवरची चिकटपट्टी कंपनीची नाही, माझ्या काउंटरवरची आहे.

चांगलं बघतोस. गेम तपासायच्या नोकरीत एवढं तरी शिकवलं म्हणायचं. सील फोडलेलं नाही असं मी लिहिलं, ते नऊ डब्यांच्या बाबतीत खरं होतं.

टाकला मी. काउंटरच्या मशीनवर, फक्त माझ्यासाठी, आणि शेवटपर्यंत खेळलो. आता न्यायाने बोलतो. पाणी अप्रतिम केलंय. ओहोटीला आपल्या अंजूरच्या खाडीवर सकाळचं ऊन पडतं तसं चमकतं. मी बंदूक खाली करून नुसता बघत राहिलो आणि मेलो. तिथपर्यंत शंभर टक्के मार्क. पुढे काय? तर चांगली बंदूक आधी मिळत नाही. हलकी बंदूक घेऊन माणसं मारत बसायचं, हुद्दा वाढवायचा, मग चांगली मिळणार. म्हणजे नवशाकडे दिवसभर पडीक असलेल्या बिल्डरच्या पोराकडे दुर्बिणीची रायफल, आणि जेवायच्या सुट्टीत येणाऱ्या माणसाच्या हातात फटाका. तिसऱ्या भागात पहिल्या मिनिटाला सगळ्यांच्या हातात एकच रायफल होती. लूमवाला असो की जमीनवाला. बरोबरीची मारामारी, तीच तर मजा.

सगीर आठवतो ना? यूपीतल्या मऊ गावचा, खालच्याच कारखान्यात पॉवरलूमवर असतो, तुझ्याशी नेहमी पैज लावायचा. नवा भाग आला तसा तोही रस्ता ओलांडून नवशाकडे गेला. मी अडवलं नाही. गिऱ्हाईक आहे, बायको नाही. परवा परत आला, खुर्ची ओढून नुसताच बसला.

म्हटलं, “क्यों, वहाँ कुर्सी टूट गयी क्या?”

“कुर्सी ठीक है चाचा, दिमाग टूट गया.”

“नई बंदूक मिली?”

“कहाँ मिली! बोलता है पहले दो सौ मारो. दो सौ मारा तो बोलता है अब छुरी से मारो. चाचा, बारा घंटा ड्युटी करके आता हूँ, यहाँ भी ड्युटी? वहाँ सेठ का टार्गेट, यहाँ इसका टार्गेट. और नवशाभाई बोलता है मन लगाके सीख ले, अगले साल छठवाँ आयेगा तो सब फिरसे चालू.”

“तो क्या लगाऊँ?”

“अपना लगाओ ना. तीन.”

‘अपना’ म्हणाला. लिहून ठेव आणि तुमच्या साहेबाला दाखव. तुम्ही लोक चुका शोधता त्या भिंतीतून हात आरपार जाण्याच्या. माणूस थकून खुर्चीवर टेकला, ही चूक तुमच्या कोणत्या रकान्यात बसते?

आणखी एक. गेम संपल्यावर काळ्या पडद्यावर बनवणाऱ्यांची नावं खालून वर जातात. ती कोणी बघत नाही, मी बघितली. एकदा बघून भागलं नाही म्हणून परत लावली. स्वयंपाक्याचं नाव आहे, कोणाच्या तरी कुत्र्याचं आहे. तुझं नाही. पुण्याचं नावसुद्धा नाही. दीड वर्ष तू त्यांच्या भिंती चाचपून बघतोयस आणि त्यांना तुझं नाव लिहायला एक ओळ सापडली नाही. तुला हे माहीत असणार. मला कळवलं नाहीस. असो.

दाजींनी गाळ्याचं ‘डिसेंबरअखेर बघू’ म्हटलंय. दहापैकी पाच-सहा मशिनं भरतात. मी ठाम आहे.

तुझा,
काळूराम

ती फोडलेली डबी परत पाठवण्याची गरज नाही. खाडीसाठी ठेवली असती, पण तत्त्व म्हणजे तत्त्व.


मु. अंजूर
शुक्रवार, २८ डिसेंबर २००७

चि. विकी,
आशीर्वाद. वर गावाचं नाव बघून तुला कळलंच असेल. क्रमाने सांगतो.

गेल्या आठवड्यात दाजी स्वतः आले. मितेशला आणलं नाही, हा त्यांचा चांगुलपणा. काउंटरजवळ बसले, चहा घेतला, खुर्च्यांवरून नजर फिरवली.

“कालू, समोर एवरी गर्दी हाय आन तुझ्याकरं खुर्च्या. त्यो पाच नंबर टाक ना रं एकदाचा. विकीनं फुकट धारला व्हता म्हनं.”

“नाही टाकणार, दाजी.”

“आरं पन का?”

आता दाजींना रायफलची दुसरी गोळी कशी समजावणार? मी शब्द जुळवत होतो तेवढ्यात खालच्या कारखान्यातून रुईचा लोट वर आला. कोपऱ्यातल्या मशीनवर सगीरचा नवा दोस्त बसला होता, महिन्यापूर्वीच गावाहून आलेला. तो ओरडला, “चाचा, विकी बंद करो, रुई आ रही है!”

दाजी दचकले. “विकी? त्यो तं पुन्याला हाय ना?”

पोराने वर बोट दाखवलं. भिंतीतल्या त्या छोट्या झरोक्याकडे. आणि मी उठून झरोका बंद केला, कारण मलाही आता त्यात काही वेगळं वाटत नाही.

तुला माहीत नसणार, म्हणून सांगतो. तिसऱ्या भागात गिरणीच्या वरच्या मजल्यावर ती बारकी खिडकी होती ना, जिथे तू दडून बसायचास आणि आम्हाला एकेक करून टिपायचास? आम्ही ओरडायचो, ‘विकीच्या खिडकीत आहे!’ तू गेल्यावर घाईत त्याचं ‘विकी में है’ झालं. नवी पोरं आली, त्यांनी तुला कधी बघितलं नाही. त्यांना वाटलं मराठीत छोट्या खिडकीला विकी म्हणतात. आता खाली कारखान्यातसुद्धा तोच शब्द आहे. सगीर सांगत होता, त्यांचा मुकादम सुताराला म्हणाला, “इधर एक विकी निकाल दो, हवा आयेगी.” सुताराने काढली!

दाजी इतके हसले की चहा सांडला.

मग मी त्यांना म्हटलं, हेच कारण. ती गिरणी बनवली कोणी परदेशातल्या माणसाने, तिला नावं दिली आमच्या पोरांनी. सायझिंग, नळ, मौलानाचा जिना, विकी. अंधारात एकाने ‘नळ’ म्हटलं की बाकीचे कुठे धावायचं ते न बघता ओळखतात. त्याला दोन वर्षं लागली. हे गेमवाले दर वर्षी नवी गल्ली आणतात. नाव पडायच्या आत पाडून टाकतात. नवशाकडे जाऊन ऐका. पोरं ओरडतात, ‘उधर! अरे उधर!’ उधर म्हणजे कुठे?

दाजी म्हणाले, “आपल्या शेताचा पन तसाच झाला रं. भुताचा खाचर, आवशीचा खाचर. आता सगली गोडाऊनं, बी-सतरा, बी-आठरा. रिक्षावाला मलाच पत्ता इचारतो आन मला सांगता येत न्हाय.”

मला वाटलं जिंकलो. पण दाजी उठता उठता म्हणाले, “कालू, तुझा बरोबर हाय. गाला मात्र एकतीसला खाली कर. मितेशनं कुरिअरवाल्याला शबुद दिलाय.”

“करतो,” म्हटलं. हात जोडले नाहीत. बहिणीलाही मध्ये घातलं नाही.

ही बातमी नवशाला लागली. संध्याकाळी आला. मला वाटलं टोमणा मारायला, तर इकडे-तिकडे बघून हळूच म्हणाला, “काळूशेठ, जाताय तर ती तिसऱ्याची डिस्क देऊन जाता का? दोन मशीनवर टाकतो. पोरं मागायला लागलीत.”

“पाचव्याला कंटाळले?”

“पाचव्याला नाय हो, ते सहाव्याचं ऐकूनच कंटाळलेत.”

डिस्क दिली. पैसे घेतले नाहीत. त्याला एवढंच सांगितलं, आधी तो बोर्ड दुरुस्त कर. तेव्हा कुठे त्याने खाली रस्त्यावर उतरून, मान वर करून आपला बोर्ड वाचला.

दहाही मशिनं टेम्पोतून अंजूरला आणली. घराच्या पडवीत मांडली आहेत. केबल मी स्वतः ओढली, प्रत्येक जोड तपासला, एकही सैल नाही. इकडे लोडशेडिंग जास्त आहे हे मान्य. लाईट गेली की पोरं बांधावर जाऊन बसतात आणि मारामारी तोंडाने चालू ठेवतात. आज शुक्रवार, भिवंडीत लूम बंद. सकाळीच तीन रिक्षा भरून आले. खालून लूमचा खडखडाट नाही, त्यामुळे पहिल्यांदाच गेममधली पावलं स्पष्ट ऐकू येतात आणि वाघासारखे हे गडी स्वतःच्याच पावलांना घाबरून गोळ्या झाडतायत. राहीबाई, आमची शेजारीण, मघाशी विचारून गेली, “पोरांना कुत्रा चावला का रं?”

आता तुझ्या पत्राबद्दल.

तू लिहिलंस की तू पुण्याच्या नोकरीला निघालास तेव्हा मी तुला सगळ्यांसमोर बोललो ते अजून लागतं. ‘विकी नावाप्रमाणे विकला गेला’, हेच ना? मी ते मागे घेणार नाही. त्या दिवशी मला ते पटलेलं होतं आणि सहाव्या भागाच्या भिंती चाचपत बसलेला माणूस मला आजही पटत नाही. तुला घर चालवायचं होतं, बहीण धम्मदिनाची फी होती, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. त्याने नोकरी बरोबर ठरते, गेम बरोबर ठरत नाही. पण एक गोष्ट खरी. शब्द मी काढला, त्याचा अर्थ माझ्या ताब्यात राहिला नाही. इथे तुझ्या नावाचा अर्थ माझ्या अर्थाने कोणी घेत नाही. हवा येण्याची जागा, असा घेतात. दिवसातून इतक्या वेळा ते ऐकायला लागतं की रागावून राहणं जमत नाही. याच्यापेक्षा जास्त मला लिहायला लावू नकोस.

तू विचारलंस, आलो तर एखादं मशीन मोकळं असेल का.

नाही. शुक्रवारी एकही मोकळं नसतं. तुझ्या जागेवर मी बसतो, आणि मी चांगला खेळतोय. तू दारात दिसलास तर उठेन. मात्र सहावा भाग पिशवीत घालून आलास, तर चहा पाजून त्याच रिक्षाने परत पाठवीन.

वाट बघत नाही, फक्त कळवतोय,
तिसऱ्या भागावर ठाम असलेला तुझा
काळूदादा