शिवला एकदाचा

२४ सप्टेंबर १९७२
पोचलो! कंपालाहून मोंबासापर्यंत आगगाडी, तिथून मुंबईपर्यंत बोट, पुन्हा भंडारा रोडपर्यंत आगगाडी, मोहाडीपर्यंत बस आणि तिथून पुढे बैलगाडी. युगांडाने आम्हा हिंदी लोकांना बाहेर काढले, तेव्हा कुणी लंडन धरले, कुणी कॅनडा. मी म्हटले, माझे गाव! ऐन विशीत गेलेल्याला म्हातारपणी मायदेश हा नवाच देश असतो. झेंडा नवा, नाणी नवी. पण भाताच्या बांध्यांतला धान निसवला आहे आणि त्याचा वास तोच. चौथीच्या पुस्तकातल्या कविता गाडीत बसून मोठ्याने म्हटल्या. गाडीवान हसत होता. मी कोणाचा कोण ते सांगितल्यावर त्याने बैल दामटले.

थोरला भाऊ, दादाजी, अंगणातच होता. मला पाहून त्याच्या हातून तांब्या पडला. सत्यभामावहिनींनी पदर तोंडाशी धरला. आनंदाचे असेच असते. माझी खाट अंगणात, पेरूच्या झाडाखाली टाकली आहे. वर चांदणे. याहून काय हवे?

२६ सप्टेंबर
पितृपंधरवडा चालू आहे म्हणे. बोटीवर तिथी कोण सांगणार? माझी मात्र चंगळ आहे. वडे, खीर, कोहळ्याची भाजी. पहिले पान माझे, आणि मी हात धुतल्यावरच घरची मंडळी जेवतात. सोबत कुणी बसत नाही, हे जरा लागते. पुतण्या घनश्याम याची बायको उषा हिला पाचवा महिना आहे. ती तर मी दिसलो की आत पळते. वहिनी माझ्यासमोरच दादाला सांगतात, "त्याले आंबील लय आवडे." आवडे कशाला, अजूनही आवडते! मी हसून म्हटले. कुणी हसले नाही.

एक हौस उरली आहे. सुशीला तिकडेच वारली, मूलबाळ नाही. माझ्या नावाने हाक मारणारे जगात आता एवढेच घर. आल्यापासून कुणी 'तुलाराम' म्हटलेले नाही. दादा तर 'तुल्या' म्हणायचा, असा ओरडून की तलावापलीकडे ऐकू जाई.

शेजारच्या पुष्पाबाई कुंपणावरून मला विडी ओढताना पाहून वहिनींना म्हणाल्या, "बाई वं, आमचे पित्तर तं कावळ्यावर भागते, तुमचा तं बिडी मांगते!" विनोद कळला नाही. गावच्या बोलीचा सराव राहिला नाही माझा.

२८ सप्टेंबर
आज जेवताना एक कावळा थेट माझ्या पत्रावळीवर बसला आणि वडा ओढू लागला. मी हात उगारला तर घनश्यामने माझे मनगट धरले. हळुवार, पण सोडले नाही. सगळी ओसरीवर हात जोडून उभी होती. वहिनी रडत रडत म्हणाल्या, "शिवला वं बाई, शिवला एकदाचा."

माझ्या पानाला.

३० सप्टेंबर
दादाने सांगितले. मला नव्हे, पेरूच्या झाडाकडे तोंड करून सांगितले. महायुद्धाच्या दिवसांत माझी पत्रे बंद झाली; पुढे लिहायचे माझ्याकडूनच राहून गेले. बारा वर्षे वाट पाहिली. मग पळसाच्या पानांचा पुतळा केला, त्याला माझा जुना सदरा घातला आणि तलावाच्या पाळीवर अग्नी दिला. तेरवी घातली. दरसाल या पंधरवड्यात मला जेवू घालतात. पण यंदा पित्तर पायांनी चालत आला, म्हणाला. मी त्याचा हात माझ्या छातीवर ठेवला. धडधड ऐक म्हटले. त्याने हात काढून घेतला आणि धोतराला पुसला.

२ ऑक्टोबर
मीच मी आहे हे पटवायचे तर दोघांनाच ठाऊक असलेले काही हवे. लहानपणी आम्ही एकच पुस्तक दोघांत वाचत असू. त्यातली सगळ्यांत लांब कविता दादासमोर म्हटली, एक अक्षर न चुकता. कुठे दादा अडखळायचा, कुठे गुरुजींची छडी पडायची, तेही सांगितले. दादा ढसाढसा रडला. वाटले, जिंकलो.

तो वहिनींना म्हणाला, "जित्या माणसाले एवढं याद राह्यते काय? मी तं सारं भुललो."

४ ऑक्टोबर
सकाळी सडकेवर जाऊन मोहाडीच्या बसला हात केला. बस थांबली. कंडक्टर भोजराज, गावचाच. मला पाहून त्याने हात जोडले. मग घंटी मारली.

मागून घनश्याम आला. चार माणसे होती. ओढले नाही, ढकलले नाही. नुसती भोवती चालत राहिली, घरापर्यंत.

६ ऑक्टोबर
उषाला कळा आल्या होत्या, अवेळी. थांबल्या. घरभर माझ्याकडे बघणे —

वहिनी पाया पडल्या. लांबून. "सूनबाई दिवसात हाये. खाल्लं, पेलं, आता कायले थांबून राहिले? जा ना आपल्या जागी."

उद्या सर्वपित्री अमावस्या. पित्तरांना तलावावर पोचवतात.

ओरडलो. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी दारे लावून घेतली — अदबीने —

७ ऑक्टोबर
तलावाची पाळ. भर दुपार. सारे गाव. पांढरे धोतर नेसवले आहे मला. वही मागितली, दिली. पित्तराचे मन मोडू नये, दादा म्हणाला. लिहितो तोवर थांबतील. म्हणून लिहितो. काहीही. कमळे आहेत. पाणी हिरवे. कविता आठवू — एकही — एक ओळ नाही —

विसरलो! दादा, बघ, मी विसरलो! ओरडून सांगितले. जिता आहे मी —

कुणी बघत नाही. तीळ सोडतात.

दादा पाण्यात उतरला आहे. कमरेएवढ्या. इकडे वळला. माझ्याकडे बघतो आहे, पहिल्यांदाच — डोळ्यांत —

हाक मारली. "चाल गा, तुल्या!"

तोच आवाज. पलीकडून परत आला. तुल्या. माझे नाव —

लिहीत राहायला हवे — हात — पुन्हा हाक —

ओ दादा — आलो, एवढी ओळ —