नदीपलीकडचा मका

१४ सप्टेंबर १६१२
गव्हर्नर होऊन महिना झाला. वसाहतीत एक्याण्णव माणसं, त्यांतली चाळीस खानदानी. खानदानी माणूस कुदळीला हात लावणार नाही, हा नियम मी पहिल्याच दिवशी कडक केला. इंग्लंडची अब्रू इथेही राखली पाहिजे. पेरणी त्यामुळे राहून गेली. काळजी नाही, नदीपलीकडच्या लोकांकडे मका ढिगाने आहे. संकल्प : नाताळाआधी सहाशे पोती.

२० सप्टेंबर
पलीकडच्या मुखियाला लाल कोट दिला. दोन तास भाषण केलं. त्याने नम्रपणे डोळे मिटून ऐकलं, मधूनमधून घोरला. मग मक्याचा विषय काढला. आमचा दुभाष्या टोबी रॅग, मूळचा खलाशी, दोन वर्षं त्यांच्यात राहून बिघडलेला. तो सांगतो, मुखिया म्हणाला, अहो, मका माझा कुठला? शेत बायका करतात, कोठारं बायकांची. मावशीला विचारा, मलाही तीच वाढते. जुना डाव आहे. मी लगेच ओळखला.

२७ सप्टेंबर, सकाळ
मावशी स्वतः हजर. नाव वेटूका, दात दोन. खांद्यावर कुदळ घेऊन गव्हर्नरच्या दारात! म्हणे, वीस माणसं द्या, तोडणीला हात लागेल, निम्मा मका तुमचा. राजेसाहेबांच्या सनदेत बाईशी तह करण्याची सोय नाही. तिला स्वयंपाकघरात पाठवून सूप द्यायला सांगितलं. चाखून तिने रॅगला विचारलं म्हणे, हे लोक मुद्दाम असं करतात का?

११ नोव्हेंबर
ताप. आता एकोणसत्तर. वसाहत आटोपशीर झाली आहे. माणशी अर्धी वाटी जव. मला पूर्ण, कारण विचार करायला ताकद लागते. नवा कायदा : परवानगीशिवाय नदीपलीकडे मक्याचा सौदा करील त्याला फाशी. लोकांनी हवा तसा मका आणला तर गव्हर्नरची किंमत काय राहील?

३ डिसेंबर
लेफ्टनंट हॉलिसला बारा बंदूकवाले देऊन कोठारं ताब्यात घ्यायला पाठवलं होतं. आठ दिवस झाले. वेढा घालून बसला असणार. रॅग म्हणतो, कसला वेढा, बायकांच्यात बसून कणसं सोलतायत आणि पोटभर खातायत. हेरगिरी उत्तम चालली आहे.

९ जानेवारी
सुतार जाइल्स पेनफोल्ड सापडला. चोरून पलीकडे गेला, मावशीचं कोठार उंदीर लागू नयेत म्हणून खांबांवर चढवून दिलं, बदल्यात दोन टोपल्या मका आणला. म्हणे आजाऱ्यांसाठी. कायदा तो कायदा. त्याने विनंती केली, सरकार, आजारघराचं छप्पर तेवढं नीट करतो, मग लटकवा. मुद्दाम वेळकाढूपणा. नाही म्हटलं. फाशीचा खांब मात्र दुसऱ्या कुणाला उभारता येईना, म्हणून त्यालाच उभारायला लावला. काम सुरेख. तसं त्याला सांगितलं. आभार मानले नाहीत. त्याची बायको जोन पाया पडली. दया आणि दुबळेपणा यांतला फरक मी तिला अर्धा तास समजावला. तिला भोवळ आली. पटलं असावं.

दोन्ही टोपल्या पुरावा म्हणून माझ्या खोलीत.

संध्याकाळ
पुरावा थोडा भाजून पाहिला. गोड आहे.

३० जानेवारी
पुरावा संपला. रात्री बर्फाने आजारघराचं छप्पर कोसळलं. आत सहाजण होते. भूक आणि तापाने आधीच अठ्ठावीस उरलो होतो, आता बावीस. इतक्या मोठ्या वसाहतीत एक सुतार नसावा, हा कुणाचा तरी अक्षम्य निष्काळजीपणा आहे. चौकशी करणार.

१२ फेब्रुवारी
हजेरी घेतली. कुणी ओ दिली नाही. वेस उघडी. गोठलेल्या नदीवर पावलांची रांग पलीकडे गेलेली. बुरुजावरून पाहिलं, सगळ्यांत पुढे जोन पेनफोल्ड, घोंगडीवर एका आजाऱ्याला ओढत. एकवीस फाशीचे हुकूम लिहून वेशीवर लावले. हात गारठले.

१५ फेब्रुवारी
पट्टा उकडून खाल्ला. उद्या पलीकडे पाहणीला जाणार. त्यांना माझी उणीव भासत असेल.

१६ फेब्रुवारी
पोहोचलो. मोठ्या घरात माझी खानदानी माणसं उखळात मका कांडत होती. कुणी उठलं नाही. मी जाहीर केलं की सर्वांना माफी आहे. रॅगने सांगितलं. वेटूकाने एवढंच विचारलं, याला काय येतं? कांडता? नाही. जाळं विणता? नाही. लाकडं फोडता? म्हटलं, मी हुकूम देतो. ती म्हणाली, ते आमच्याकडे पोरंही देतात.

इथला रिवाज असा, की घरातलं कुणीतरी हा आमचा म्हणाल्याशिवाय नव्या माणसाला ताट मिळत नाही. तिने सगळ्यांना विचारलं, हा कुणाचा? हॉलिस खाली बघून कांडत राहिला. बाकीचेही. मग जोन पेनफोल्ड उठली आणि माझ्याकडे चालत आली. मी म्हणालो, शाबास, बाई. रॅग म्हणाला, साहेब, जरा मागे सरा, तिला दारावरची चटई खाली सोडायचीय, थंडी आत येते.

मागे सरलो. बाहेर बसून हे लिहीत आहे. आत वाढायला सुरुवात झालेली ऐकू येते. बोलावतीलच.