नकारपत्रातली आबांची ओळ

३ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ. विशेष.

तू सुखरूप असल्याचा निरोप मिळाला आणि जीव भांड्यात पडला. तुमच्या विमा कंपनीच्या फाटकात, तुम्ही सगळे कामावर शिरता त्याच वेळी, साहेबांवर कोणी गोळ्या झाडल्या आणि ते जागीच गेले, हे मला छापखान्यात कळलं. बाइंडिंग खात्यात त्या बातमीवर हशा पिकला. कटिंग मशीनवरचा पहिलवान म्हणाला, की एक गेला, बाकीच्यांनी आता नंबर लावावा. त्याच्या आईचे उपचार तुमच्याच कंपनीने अडवले होते आणि ती त्यातच गेली, हेही खरं. त्याने सगळ्यांना चहा पाजला. मी घेतला नाही, पण म्हणून मला साधू समजू नकोस. बातमी ऐकताच माझ्या मनात पहिला शब्द आला तो ‘बरं झालं’. संध्याकाळी देवापुढे बसलो तर हात जोडवेनात.

तुझ्यापासून एक गोष्ट लपवली. तुझ्या वहिनीच्या खुब्याच्या ऑपरेशनला कंपनीने जानेवारीत नकार दिला, आजार जुना आहे म्हणून. तुझ्या नोकरीला आमचा त्रास नको, म्हणून बोललो नाही. आता ती भिंत धरून चालते. मे उलटला तर ऑपरेशनचाही उपयोग नाही, असं डॉक्टर म्हणतात. ती मात्र म्हणते, की नणंद कंपनीत आणि नकार घरात, याला नशीब लागतं! हरकत घेता येते का, ते कळव.

तुझा लोभ या पत्रानंतरही राहावा.

तुझा,
दादा

९ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फाटकापाशी फरशी तीनदा धुतली, तरी आम्ही सगळे त्या जागेला वळसा घालून जातो. साहेबांचा चष्मा पहारेकऱ्याने उचलून माझ्या टेबलावर ठेवला, कुणाकडे द्यायचा ते त्याला सुचेना म्हणून. मीच तो त्यांच्या बायकोकडे पोचवला. तिने तो पदराने पुसला, मग कुणाला द्यायचा हे न कळून हातातच धरून बसली. बाहेर लोक त्या मारेकऱ्याचा जयजयकार करत होते. मला दोन्हीकडचं ऐकू येत होतं.

पण मीही धुतल्या तांदळासारखी नाही. वहिनीला आलेलं पत्र काढ. शेवटी लिहिलंय, ‘धीर धरावा. जे आपल्या हाती नाही त्याचा घोर लावून घेऊ नये.’ आपण वसतिगृहावर असताना आबा धाडत त्या प्रत्येक पत्राची ही शेवटची ओळ. नऊ वर्षांपूर्वी साहेबांनी मला नकारपत्राचा मजकूर जरा मायेचा करायला सांगितलं. मला वाटलं, नाही म्हणायचंच तर गोड म्हणावं. ती ओळ नकारपत्रात घातल्यापासून हरकती निम्म्यावर आल्या. साहेबांनी माझं कौतुक केलं, बढती दिली. लोक धीर धरत बसले आणि नव्वद दिवसांची मुदत टळत गेली.

तुमची मुदत दहा एप्रिलला संपते. अजून वेळ आहे. आणखी एक ऐक. पहिला नकार कोणी माणूस देत नाही. अर्जावरचं वय आणि आजाराचं नाव बघून यंत्रच पत्र काढतं. फाईल उघडतच नाही. हरकत आली तरच ती उघडावी लागते.

वहिनीला काय तोंड दाखवू? रागाव, पण पत्र थांबवू नकोस.

तुझी,
धाकटी

१४ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ. विशेष.

ती ओळ मी पहिल्याच दिवशी ओळखली होती. तू लिहिली असशील असं डोक्यातही आलं नाही. मला वाटलं, आबाच बोलतायत. त्यांचा शब्द मी कधी खाली पडू दिला नाही. पत्राची घडी घालून देवाजवळ ठेवली आणि दोन महिने गप्प बसलो. तुझी वहिनी म्हणत होती, की एकदा कचेरीत जाऊन भांडून या. मी तिलाच धीर धरायला सांगितलं. तू लिहिलंस आणि मी पाळलं. दोघांची मिळून ही चूक.

रागावलो आहे. दोन दिवस पेन हातात घेतलं नाही. तुझ्या वहिनीने शेवटी कागद पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, की राग लिहा, पण लिहा.

इकडे मारेकऱ्याच्या फोटोची पोस्टरं छापायला आली. मी मालकांना सांगितलं, की हे काम माझ्या हातून होणार नाही. त्यावर पहिलवानाने मला ‘कंपनीचा साला’ म्हटलं. मी त्याच्याजवळ बसलो आणि विचारलं, की आईसाठी हरकत घेतली होतीस का. तो बराच वेळ ब्लेड पुसत राहिला. मग म्हणाला, की पत्रात धीर धरा लिहिलं होतं.

ती ओळ तुझी, हे न लपवता खरं ते सांगितलं. तो उठून निघून गेला. दुसऱ्या दिवशी आला आणि म्हणाला, की तुझ्या बहिणीला म्हणावं, हरकत कशी घ्यायची ते साध्या भाषेत एका पानावर लिहून दे, आपण छापू, कापायचं काम मी करतो.

तर लिही. नोकरीचं काय ते तू ठरव, मी सांगणार नाही.

माया आटलेली नाही, एवढं समजून अस.

दादा

२ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

सोबत पान आहे. अवघड शब्द दिसला तर पहिलवानालाच बदलायला सांग.

नव्या साहेबांनी मला बोलावलं. लोक भडकलेत, तेव्हा नकारपत्र आणखी मवाळ करा, म्हणाले. मी दोनच वाक्यं लिहून दिली: ‘तुमची फाईल अजून कोणीही वाचलेली नाही. नव्वद दिवसांत हरकत घ्या, म्हणजे वाचावी लागेल.’ त्यांनी कागद परत केला, मी राजीनामा दिला. वहिनीच्या हरकतीला माझं सहीनिशी निवेदन जोडलं आहे. सरकारी तक्रार अधिकाऱ्यांपुढे सुनावणी एकोणीस तारखेला आहे. मी तुमच्या बाजूच्या बाकावर बसेन, वहिनीला चालणार असेल तर.

तुमची,
धाकटी

२१ एप्रिल

चि. धाकटीस,
अ. उ. आ. विशेष.

तुला घाईने गाडी गाठावी लागली, म्हणून पुढचं लिहितो. कंपनीचा वकील म्हणत होता, की तू चिडून खोटं बोलतेस, फाईल नीट तपासली होती. तेव्हा अधिकाऱ्यांनी ती मागवली. आत एक्स-रेचं पाकीट होतं. मी ते डिसेंबरात माझ्या हाताने खळ लावून चिकटवलं होतं, चारी कडा दाबून. मी उभा राहिलो आणि म्हणालो, की साहेब, तीस वर्षं हेच काम करतोय, हे पाकीट अजून उघडलेलंच नाही.

अधिकाऱ्यांनी ते फिरवून फिरवून पाहिलं. मग टेबलावरची पट्टी घेऊन आमच्यासमोर फाडलं, एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि वकिलाला विचारलं, की तपासलं म्हणजे नेमकं काय केलं.

मंजुरी मिळाली, ऑपरेशन सहा मेला आहे. तुझी वहिनी म्हणते, की नणंदेला आता नोकरी नाही, तेव्हा दवाखान्यात उशाशी बसायला तीच हवी. ये.

तुझा,
दादा