उतरवलेलं चित्र

३ डिसेंबर २००६, मारेगाव
पोचलो एकदाचे, मी आणि लेक जिया. नागपूरहून येताना एसटीनं हाडं खिळखिळी केली, पण घर बघून शीण गेला. मालक किसनराव आणि विमलताई मागच्या बाजूला राहतात. आमच्या दारासमोरच त्यांची कापसाची खोली. यंदा भावाच्या नावानं बोंब, म्हणून वेचलेला कापूस आढ्यापर्यंत भरून ठेवलाय. सहा वर्षांच्या जियाला त्यात उडी मारायची आहे. दाराची कडी दाखवून दम भरला. तिच्या नानीनं विणलेले लाल मोजे ती भर उन्हातही काढत नाही, हट्टी कुठली! उद्यापासून संस्थेचं काम सुरू. मनाला घाव बसलेल्या बायकांना डोळ्यांच्या हालचालींचा उपचार द्यायचा.

७ डिसेंबर
विमलताईंना उपचार समजावला. पेशंटनं वाईट आठवण मनात धरायची, मी तिच्या डोळ्यांपुढे दोन बोटं डावीकडून उजवीकडे फिरवायची, तिनं नजरेनं त्यांच्या मागे जायचं. हळूहळू आठवणीची धार बोथट होते. त्या म्हणाल्या, ही तर नजर उतरवणंच झालं. मग विचारलं, “उतरवलं ते टाकता कुठं, जेबाताई? आमी मिरच्या चुलीत टाकतो. हातात ठेवलं तं उतरवणारीलेच लागते.” मला हसू आवरेना. माझी नानीही हेच म्हणायची, दोघी एकाच शाळेतल्या.

११ डिसेंबर
नलू आली. मागच्या हंगामात तिची पाच वर्षांची जमनी घरातल्या कापसात खेळत होती आणि ढीग घसरला. नलूला दारातून फक्त एक तळवा दिसला. पायात चांदीचा वाळा. बोटं हलत होती. “मले वाटलं, खेळून राह्यली. मी भाकर पलटवाले गेली.” एवढंच ती पुन्हा पुन्हा बोलते. मी बोटं फिरवत राहिले. शेवटी तिचा चेहरा सैल पडला. चित्र पुसट झालं म्हणाली. इथला पहिलाच पेशंट! मला आभाळ ठेंगणं झालंय.

१६ डिसेंबर
नलूला आता ते चित्र दिसत नाही. मला दिसतं. काल परातीतल्या पिठात तळवा. वाळा. हलणारी बोटं. आज जियाच्या गादीत. धावत जाऊन गादी उपसली, काही नव्हतं. पोर घाबरून रडली. ऐकणाऱ्यालाही दुःख चिकटतं, हे आम्हाला शिकवलेलं असतं. त्यावर उपाय ठरवला: तळवा दिसला की धावायचं नाही. बसायचं, वहीत लिहायचं. लिहून होईतो विरतो.

१९ डिसेंबर
दुपारपर्यंत तीनदा. लिहिलं. विरला. चौथ्यांदा — लिहिलं. विमलताईंनी पुन्हा सांगितलं, चुलीत टाका म्हणून. काय टाकू? बोटं?

२२ डिसेंबर
जिया माझी नक्कल करत होती. अम्मी, बोटांकडे बघ म्हणाली. इवली दोन बोटं डावीकडे, उजवीकडे. मी नुसती बघत राहिले. तळवा समोर होता — आणि गेला. किती दिवसांनी हलकं वाटतंय. दुपारभर झोपले.

२३ डिसेंबर, सकाळ
जिया खात नाही. कापसाच्या खोलीकडे टक लावून बसते. म्हणते, आत एक मुलगी आहे, तिला बाहेर काढायचंय.
बोटं तिनं फिरवली होती. म्हणजे ते तिच्याकडे — या अल्लाह, माझ्या पोरीला —
विमलताई शेतावर. आल्या की विचारते. आता चुलीत, हवं तिथं टाकेन —

दुपार
कापूस गाडीत भरायला किसनरावांनी खोली उघडली, ते गाडी आणायला गेलेत. दार उघडंच.
माझ्या दारातून दिसतोय. तळवा. बोटं हलताहेत.
परत माझ्याकडे आलं. बरंच झालं — जिया सुटली. बसले. लिहितेय. धावायचं नाही. विरेल.
विरत नाही.
जियाला हाक मारली. ओ देत नाही. रुसली असेल —
बोटं थांबली. आधी कधी थांबली नव्हती —
वाळा कुठाय? वाळा नाही. लाल मो