पाइपावर कोण उभं होतं

म्हसरूळ, नाशिक

प्रिय धनराज,

तुझी गाडी झाली. एक्सलच्या सांध्यांवरचे फाटलेले रबरी बूट काढून नवे घातले, आत ताजं ग्रीस भरलं आणि दिंडोरीपर्यंत फिरवून आणली. कुठे आवाज नाही. हे वाचून तू सुटलो म्हणशील, आणि त्याचाच मला संताप येतोय.

महिनाभर ती अंगणात तशीच उभी होती. एसटीच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं काढलेल्या आपल्या बापाच्या उजव्या हातावर ती आदळली, तर्जनीचं पेर कापावं लागलं, आणि तिसऱ्या दिवशी तू बस धरून पुण्याला गेलास. जाण्याआधी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलंस, अण्णांनी जॅक नीट लावला नाही, आता त्यांच्या हाताचा भरवसा नाही. अण्णा शेजारी बसून मान डोलवत होते. मीही विश्वास ठेवला. वर त्यांच्यावरच ओरडले, या वयात गाडीखाली झोपायची हौस कशाला म्हणून. डाव्या हाताने बशी धरून ते निमूट चहा पीत राहिले. ते आठवलं की कुणाला तोंड दाखवू नये असं वाटतं.

गेल्या रविवारी मी म्हटलं, अण्णा, तुम्ही सांगा, मी करते. द्वारका चौकातल्या दुकानातून नवे बूट आणि क्लिपा आणल्या. लहानपणी अण्णा पान्हे तुझ्या हातात द्यायचे आणि मला नुसती बॅटरी धरायला लावायचे, आठवतंय? या वेळी खुर्ची टाकून बसले. मी जॅक लावायला गेले तसे ओरडले, "थांब! चाक जमिनीवर हाय तवरच मधला नट सैल करायचा. गाडी वर चढवून, जोरासाठी पान्ह्याला लावलेल्या पाइपावर उभं राह्यलं की ती जॅकवरून उडणारच. धनराजला लय सांगितलं, ऐकलं नाय त्यानं."

बोलून गेले आणि मग त्यांच्या लक्षात आलं. माझ्या हातातला पान्हा तसाच राहिला. मग हळूच म्हणाले, "त्याला काय बोलू नको. घाबरलंय पोरगं."

पोरगं! चाळिशी उलटलेलं पोरगं! त्यांचा हात गाडीखाली असताना तू त्या पाइपावर चढलास, आणि नंतर त्यांच्याच अंगणात बसून त्यांच्या हाताला नावं ठेवलीस. रागाच्या भरात मी तो नट एका झटक्यात फिरवला. गाडी लोखंडी घोडीवर टेकवली, फाटलेलं रबर ब्लेडने कापलं, कोपरापर्यंत काळी झाले. दुसऱ्या बाजूला त्यांना काही सांगावंच लागलं नाही. "जमतंय की तुला," म्हणाले. माझ्या वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी!

तरीही त्यांच्या शब्दाखातर मी गप्प बसले असते. पण आज सकाळी बुधाकाका आले. त्यांची विहिरीवरची मोटर अण्णांकडे दुरुस्तीला होती, ती न्यायला. "राहू द्या धोंडीराम, दुसरीकडं दावतो. तुमचा हात आता पयल्यासारखा नाय," म्हणाले. अण्णांनी डाव्या हाताने मोटर फाटकापर्यंत सरकवत नेली. चूक माझी नव्हती, एवढंही त्यांच्या तोंडून निघालं नाही. दुपारी जेवले नाहीत.

म्हणून हे पत्र लिहितेय. फोन करू नकोस. फोनवर तू रडशील आणि अण्णा तुझीच समजूत काढत बसतील. रविवारी ये. गाडीची किल्ली नंतर मिळेल. आधी अण्णांना सोबत घेऊन बुधाकाकांच्या दारात जा आणि पाइपावर कोण उभं होतं ते सांग. मी जाऊन सांगितलं असतं रे, पण तुला वाचवायला अण्णा चारचौघांत मलाच खोटं पाडतील.

अजून तरी तुझीच,
आशाताई