माझं मत आणि रेनफ्रो टेकचा क्वार्टरबॅक

पायनी फोर्क,
शुक्रवार, दुपार

आदरणीय लायल दाजींना एमेटचा सादर नमस्कार.

टक, टक, धप्प. टक, टक, धप्प. साठ वर्षं झाली तरी हा आवाज कानातून जात नाही. टॅलीबाई वर्गात कविता शिकवताना लाकडी पट्टीने टेबलावर लय धरायच्या, आणि खिडकीबाहेर सराव करणाऱ्या पोरांच्या छातीवर हातांनी फेकलेला ओला चामडी चेंडू आदळायचा तो नेमका ओळीच्या आघातावर. कविता आणि फुटबॉल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला तेव्हापासून कधी पटलंच नाही. आज या वयात जो छळ सोसतोय त्याचं मूळ तिथं आहे. (तुमचा गुडघा कसा आहे? आणि मोझेलताईचा रक्तदाब? ताईने पाठवलेला पीचचा मुरंबा पोचला. बरणीला तुमच्या कॉलेजची पिवळी फीत होती म्हणून आमच्या सौ. कोरीनने ती गॅरेजमध्ये ठेवली आहे. मी तिथं जाऊन उभ्याने खातो.)

गेल्या शनिवारी तुमच्या रेनफ्रो टेकने आमच्या हॅलबर्ट कॉलेजला तीन गुणांनी हरवलं, हे तुम्हाला सांगायला नको. (तुमचा फोन कोरीनने उचलला आणि तसाच ठेवून दिला, त्याबद्दल माफी असावी.) शेवटची दोन मिनिटं उरलेली, आम्ही पुढे, पाऊस, तुमचा क्वार्टरबॅक, म्हणजे सगळ्या फेकी ज्याच्या हातून निघतात तो जॅरेल मॅकाडू स्वतःच्याच गोलरेषेपाशी अडकलेला, आणि आमचे हजारो लोक त्याच्या नावाने बोंबलताहेत. पोरगं ढिम्म. सात वेळा चेंडू फेकला, आणि सातही वेळा तो हवेत जरासा विसावून, जिथं यमक पडावं तिथंच पडला. माझ्या तोंडून मोठ्यांदा ‘वा!’ निघून गेलं. मी आमच्याच लोकांत बसलो होतो, हॅलबर्टची लाल टोपी घालून.

एरवी लोकांनी हे म्हातारचळ म्हणून सोडून दिलं असतं. पण जिल्ह्याच्या साप्ताहिकात मी अडतीस वर्षं खेळाचं सदर लिहितो, आणि त्या पुण्याईवर देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला बक्षीस म्हणून मिळणाऱ्या छोट्या पुतळ्यासाठी मला एक मत आहे. देशात अशी शेकडो मतं असतील, आमच्या गावात एकच. त्यामुळे ते माझं नसून गावाचं आहे, अशी गावाची समजूत. मुदत सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत.

मंगळवारी हॉइट न्हाव्याकडे गेलो. आधी गळ्याला कापड बांधायचं आणि मग प्रश्न विचारायचा, ही त्याची जुनी खोड. गिऱ्हाईक पळू शकत नाही.

‘मग कविराज, नाव कुणाचं लिहिणार?’

मत गुप्त असतं, मी म्हणालो.

‘त्या मॅकाडूचं नसलं म्हणजे झालं. आहे काय त्या पोरात? आपल्या बचावफळीसमोर माझ्या सासूनंही तसाच चेंडू फेकला असता. आणि तिचा खांदा निखळलाय!’

शेजारच्या खुर्चीत म्हातारा रूफस होता, एका गालाला साबण. त्याचा नातू त्याच बचावफळीत खेळतो.

‘सासू? अरे, माझ्या नातवानं दोनदा लोळवलं त्याला! देशात तसा फेकणारा नाही, म्हणून हरलो आपण!’

‘मग देऊन टाक की त्याला पुतळा!’

‘माझं मढं निघालं तरी नाही देणार!’

आता तुम्हीच पाहा, दाजी. पोरगं सामान्य म्हणावं तर आमची पोरं दगड ठरतात, आणि आमची पोरं दगड नाहीत म्हणावं तर पोरगं थोर ठरतं. मी एवढंच बोललो, तर दोघांनी भांडण थांबवून एका सुरात मला फितूर म्हटलं. रूफस अर्धी दाढी घेऊन निघून गेला. माझे केस फक्त डावीकडून कापलेले आहेत.

बुधवारी चर्चमध्ये सगळ्यांचं एकत्र जेवण, आणि जेवणाआधीची प्रार्थना नेमकी माझ्याकडे. डोळे मिटले की मी वाहवत जातो. कोंबडीबद्दल आभार मानले, बटाट्यांबद्दल मानले, पावसाबद्दल मानले. पावसावरून ती शेवटची फेक आठवली, आणि बोलून गेलो, ‘प्रभो, त्या मॅकाडूच्या उजव्या हाताला सांभाळ.’ साठ माणसं होती, एकानेही आमेन म्हटलं नाही. आमेनशिवाय आमच्याकडे कुणी घास उचलत नाही, त्यामुळे रस्सा गार होईपर्यंत सगळे हात जोडून बसले. शेवटी पाद्रीबाबांनी उठून पहिल्यापासून नवी प्रार्थना केली. तीत आमच्या क्वार्टरबॅकचे दोन्ही हात, दोन्ही पाय आणि एक घोटा होता.

घरी आल्यावर कोरीन म्हणाली, ‘लिही हवं ते नाव. पण मग मक्याचा पाव रेनफ्रोत जाऊन खा.’ तेव्हापासून दुकानातला पाव गिळतोय. (कापूस बरा.)

दाजी, साप्ताहिक नव्या वर्षात बंद होतंय. म्हणजे हे माझं शेवटचं मत. सामन्यांची भाकितं माझी पुष्कळ चुकली, पण जे डोळ्यांनी पाहिलं ते मी कधी फिरवून लिहिलं नाही. शेवटची ओळ खोटी लिहून वही मिटायची, हे माझ्याच्याने होणार नाही. आणि घरचा पाव सोडणं हेही होणार नाही.

तुमचा त्रासलेला मेव्हणा,
एमेट

ता. क. हे पत्र कुणाला दाखवू नका. मत आधी फुटलं तर बाद होतं. गावाला कळलंय खरं, पण मी गावाला सांगितलेलं नाही, प्रभूला सांगितलं.

ता. क. दुसरा. मुद्दा राहिलाच. मतपत्रिका हल्ली संगणकावर येते. आमचा संगणक कोरीन बघते, आणि डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर गाडीही तीच चालवते. म्हणून संपादकांना सांगून मतपत्रिका तुमच्या पत्त्यावर पाठवायला लावली आहे. (विचारायचं राहिलं.) सोमवारी दुपारी मला न्यायला या, दात दुखतोय असं सांगेन. त्या पोराचं तुमच्याइतकं भलं चिंतणारा दुसरा कोण आहे?

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवतोय तोच दारावरची घंटा वाजली. जिन्यावरून वाकून पाहिलं तर दारात तुम्ही! शंभर मैल, फोन न करता, हातात मतपत्रिकेचा छापील कागद! घाईघाईने लिहितोय, कारण तुम्ही काय बोलताय ते मला इथवर ऐकू येतंय, आणि माझा कानांवर विश्वास बसत नाही. ‘कोरीन, हात जोडतो, एमेटला आवर! पुतळा मिळाला की ते पोरगं कॉलेज सोडून पैसेवाल्या संघात जाणार. पुढच्या वर्षी आम्ही कुणाच्या तोंडाकडे बघायचं?’

खाली खुर्ची ओढली गेली.

मग कोरीनचा आवाज, आठवड्यात पहिल्यांदाच मधासारखा: ‘जाणार? अगदी नक्की जाणार, भाऊजी? बसा ना, कॉफी टाकते. तो कागद द्या बघू इकडे. एमेट! अरे एमेट, पेन घेऊन खाली ये!’