दाराचे चार टाके

नशिराबाद,
दि. ३ मार्च २०२५

प्रिय मित्र हनीफ यास,
तोतारामचा स. न. वि. वि.

फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तू माझं अर्धं वाक्य ऐकतोस आणि उरलेलं स्वतःच बोलतोस. तू धुळ्याला गेल्याला एकोणचाळीस वर्षं झाली, तुला गप्प बसवणं मला फक्त पत्रातच जमलंय.

आता कामाचं. भाविकाला मेअखेरची तारीख दिली आहे. पहिलं बाळंतपण माहेरीच, म्हणून सुनंदाने डिंक आणि मेथीसुद्धा आणून ठेवली. पण पुण्याहून विहीणबाईंचा निरोप आला, की मे महिन्यात तुमच्याकडच्या उन्हात ओली बाळंतीण आणि तान्हं मूल नको, सगळं इथेच करू. त्या खोटं बोलत नाहीत, हेच वाईट वाटतं. आमच्या पुढच्या खोलीचं पश्चिमेचं पत्र्याचं दार दुपारी असं तापतं, की आत लावलेला एसीही हात टेकतो. सुनंदा दोन दिवस धड जेवलेली नाही. मलाही लेक घरी यायला हवी आहे, उगीच कशाला लपवू?

तू हल्ली स्टील आणि काचेची, ऊन आत न येऊ देणारी दारं करतोस असं कळलं. आम्हाला एक कर. फक्त वेल्डिंग शिकत होतास तेव्हा माझ्या सायकलचं मडगार्ड बसवलंस तसं नको. इतकं पक्कं बसवलंस की चाकच फिरेना.

अमिनाभाबींना नमस्कार. लोभ आहे तो वाढवावा, बढाया तेवढ्या कमी कराव्या.

तुझा,
तोताराम

धुळे,
दि. ९ मार्च २०२५

प्रिय तोताराम यास,
हनीफचा सलाम आणि स. न. वि. वि.

पत्र पोचलं. ते मडगार्ड आजवर निघालेलं नाही, हे लिहायचं तू सोयीस्कर विसरलास.

दार होईल. रूहीचा डिप्लोमा झाल्यापासून कारखान्यात नकाशे तीच काढते आणि मी माझ्याच लेकीच्या हाताखाली काम करतो. ती सांगते, लोखंडातून उष्णता चालत येते, म्हणून चौकटी दोन करायच्या. बाहेरची वेगळी, आतली वेगळी, मध्ये कडक काळ्या प्लास्टिकची पट्टी. बाहेरचं लोखंड कितीही तापलं तरी आतल्याला पत्ता लागता कामा नये. काचाही दोन, मध्ये कोरडी हवा कोंडलेली, आणि काचेला ऊन परतवणारा लेप. कडेने रबर. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात येऊन बसवतो.

एवढं वजन एक पट्टी धरून ठेवते, हे मात्र माझ्या मनाला अजून पटत नाही. आमचे उस्ताद म्हणायचे, वेल्डिंगचा टाका न घातलेला जोड म्हणजे नशिबाच्या भरवशावरचा जोड. रूही नुसती हसते.

वहिनींना म्हणावं, जेवून घ्या. लोभ आहेच, तोही पक्का बसवलेला.

तुझा,
हनीफ

नशिराबाद,
दि. १४ एप्रिल २०२५

प्रिय हनीफ यास,
स. न. वि. वि.

दार देखणं झालंय. शेजारच्या भागाबाई झाडून बठ्ठी गल्ली आणून दार दाखवतात आणि जाता जाता काचेत बघून केस नीट करतात. तू बसवून गेलास तेव्हा मीही मिशीवर ताव दिला.

पण दुपारचं काय सांगू? काच गार असते आणि आतली चौकट तापते. नीट हात लावून पाहिलं. चार जागी तर बोट टेकवत नाही, तिथून ताप सगळीकडे पसरतो. सुनंदा म्हणते, त्या चौकटीवर बिबडे-पापड वाळतील.

रविवारी, २७ तारखेला जावई येणार आहेत. भर दुपारी त्या खोलीत बसून बघणार आणि मग भाविका येणार की नाही ते ठरणार. या वेळी थट्टा नाही, हनीफ. ते नाही म्हणाले तर सुनंदाच्या तोंडाकडे माझ्याने बघवणार नाही.

उलटटपाली लिही. लोभ तूर्त कोमट आहे.

तुझा,
तोताराम

धुळे,
दि. १७ एप्रिल २०२५

प्रिय तोताराम यास,
सलाम आणि स. न. वि. वि.

तुझं पत्र रूहीला वाचून दाखवलं. चार जागा म्हटल्यावर तिने नकाशा बाजूला ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी चहाच्या कपात पाहत राहिलो.

आता कबूल करतो. ती घरी गेल्यावर मी चार जागी लोखंडाचे बोटभर तुकडे टाकून दोन्ही चौकटी वेल्डिंगने एकमेकींना जोडल्या. रबराखाली झाकलं की कोणाला दिसणार, असं वाटलं. रूही म्हणाली, अब्बा, तुम्ही उन्हाला चार पूल बांधून दिलेत.

अशी आठ दारं आम्ही केली, एकातही असा टाका नाही. गिऱ्हाइकाला नकाशाप्रमाणे देतो. पण तुझं घर, आपल्या भाविकाची खोली, तिथे नुसत्या पट्टीच्या भरवशावर दार लावायला माझा हात धजावला नाही रे. चूक झाली.

रविवारी, २० तारखेला ग्राइंडर घेऊन येतो. रूहीही येतेय, माझ्यावर नजर ठेवायला. हसायचं तेवढं आधीच हसून घे.

तुझा,
हनीफ

नशिराबाद,
दि. १२ जून २०२५

ती. हनीफचाचांस,
भाविकाचा सा. न. वि. वि.

या वेळी पत्र मी लिहितेय, कारण आबा बाळापाशी गुंतलेत. २९ मेला मुलगी झाली. आम्ही दोघी तुमच्या दाराच्या आत, पुढच्या खोलीत सुखात आहोत.

यांची परीक्षा आबांनी तुम्हाला सांगितली का? दुपारी एकला खोलीत बसले आणि पाच वाजेपर्यंत घोरत होते. उठल्यावर निकाल विचारायची कोणाला गरजच वाटली नाही. बारशाला सासूबाई आल्या, त्यांनी भर दुपारी चौकटीला हात लावून पाहिला आणि आईजवळ बसून पेढा खाल्ला. आई त्या रात्री आनंदाने रडली.

बाळ झोपलं असलं की आबांना आत यायला बंदी आहे. ते काचेबाहेर उभे राहून तिच्याशी बोलत असतात आणि आत एक शब्द ऐकू येत नाही. आई म्हणते, दारात हा गुण आहे हे माहीत असतं तर लग्नातच बसवून घेतलं असतं.

आणखी एक. बाळाच्या उशाशी लोखंड ठेवायचं म्हणून आई विळा शोधत होती. आबांनी तिला थांबवलं आणि कपाटातून एक पुरचुंडी काढली. तुम्ही कापून काढलेले चारही तुकडे त्यांनी उचलून, कडा घासून गुळगुळीत करून ठेवले होते. ते आता बाळाच्या गादीखाली, डोक्याकडच्या बाजूला आहेत. आबा म्हणाले, दाराला जास्त झाले होते, हिला बरोबर होतील.

चाची आणि रूहीला घेऊन लवकर या. वेल्डिंगचं मशीन मात्र धुळ्यालाच राहू द्या.

तुमची लेक,
भाविका